मक्याच्या पानातील आणि मुळातील फेरेडॉक्सिन वेगळे काढून कसे तपासावे

बैलहोंगल आणि सौंदत्तीच्या काळ्या रानापासून घटप्रभेच्या कालव्याखालील गोकाक परिसरापर्यंत मका हे बेळगाव जिल्ह्यातील ओळखीचे पीक आहे, आणि गोकाकजवळच्या अरभावी येथील कृषी संशोधन केंद्रात त्यावर कामही चालते. त्यामुळे निपाणी, चिकोडी, खानापूर किंवा बेळगाव शहरातील महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र अथवा जीवरसायनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी मका निवडणे सोयीचे जाते. एकाच रोपाच्या पानात आणि मुळात इलेक्ट्रॉन वाहणारे फेरेडॉक्सिन हे प्रथिन वेगवेगळ्या रूपांत असते. ही रूपे वेगळी काढून त्यांची तुलना कशी करावी, हे येथे सांगितले आहे. थंड सेंट्रिफ्यूज, साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर, डीईएई सेल्युलोजचा (आम्लधर्मी प्रथिने धरून ठेवणाऱ्या भुकटीचा) एक लहान कॉलम आणि भरपूर बर्फ एवढे साहित्य असेल तर पदव्युत्तर वर्गाच्या प्रयोगशाळेत हे काम होऊ शकते.

हात घालण्यापूर्वी फरकाचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण पुढची प्रत्येक काळजी त्या कारणातूनच येते. फेरेडॉक्सिन हे सुमारे ११ किलोडाल्टन वजनाचे, अतिशय आम्लधर्मी, लहान प्रथिन आहे. त्याच्या पोटात लोहाचे दोन आणि गंधकाचे दोन अणू असलेला पुंजका चार सिस्टीनांनी धरून ठेवलेला असतो आणि तो एका वेळी एकच इलेक्ट्रॉन घेतो किंवा देतो. हे नाव १९६२ साली क्लॉस्ट्रिडियम जिवाणूतील प्रथिनाला दिले गेले आणि त्याच वर्षी तागावा व आरनॉन यांनी पालकाच्या हरितलवकातील फेरेडॉक्सिनची ओळख पटवली. पानात प्रकाशप्रणाली एककडून इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिनकडे येतो आणि तेथून विकराच्या मदतीने एनएडीपी या इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या सहविकराकडे जातो. मुळात प्रकाश नसतो, म्हणून प्रवाह उलटा फिरतो: साखरेच्या पेंटोज फॉस्फेट मार्गातून तयार झालेले एनएडीपीएच (एनएडीपीचे इलेक्ट्रॉन घेतलेले रूप) आपला इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिनला देते आणि फेरेडॉक्सिन तो नायट्राइटचे अमोनियम करणाऱ्या विकराला पोचवते. या एका रूपांतराला सहा इलेक्ट्रॉन लागतात.

एनएडीपीएचचे क्षपण विभव सुमारे उणे ३२० मिलिव्होल्ट असते; हे विभव जितके अधिक उणे, तितका इलेक्ट्रॉन देण्याकडे कल जास्त आणि घेण्याकडे कमी. पानातील फेरेडॉक्सिनचे विभव उणे ४०० च्याही खाली असल्यामुळे एनएडीपीएचकडून त्याला इलेक्ट्रॉन देणे म्हणजे चढावर पाणी चढवणे होय. मुळातील मुख्य फेरेडॉक्सिनचे विभव मात्र उणे ३५० च्या आसपास असते, म्हणजे तो चढ बराच कमी होतो. मुळाचे फेरेडॉक्सिन ही पानाच्या फेरेडॉक्सिनची दुय्यम आवृत्ती नव्हे; उलट्या दिशेच्या कामासाठी घडलेले ते वेगळे प्रथिन आहे. मक्यात पानातील प्रकार एक मुख्यतः पर्णमध्य पेशींत आणि प्रकार दोन शिरांभोवतीच्या आवरण पेशींत आढळतो. प्रकार तीन मुळात नेहमी असतो आणि काही प्रमाणात इतर भागांतही सापडतो. प्रकार सहा मुळाला नायट्रेट मिळाले की वाढतो. म्हणून ‘मक्यातील फेरेडॉक्सिन’ असे एकवचनी शीर्षक प्रकल्पाला देऊ नये.

रोपे वाढवणे

माझ्या मते या प्रयोगाचा निकाल कॉलमवर लागत नाही. तो रोपे वाढवतानाच लागून जातो. बियाणे कृषी सेवा केंद्रातून किंवा रयत संपर्क केंद्रातून घ्यावे, पण सगळ्या प्रयोगांसाठी एकाच जातीचे आणि एकाच लॉटचे घ्यावे. संकरित बियाण्याला बुरशीनाशकाचा गुलाबी किंवा लाल थर दिलेला असतो. तो वाहत्या पाण्याखाली पुसट होईपर्यंत धुवावा, हातमोजे घालावेत आणि उरलेले बियाणे घरी खाण्यात किंवा जनावरांच्या पुढ्यात जाणार नाही याची दक्षता घ्यावी. धुतलेले दाणे रात्रभर पाण्यात भिजवून ओल्या गाळणकागदावर मोड येऊ द्यावेत.

वाढीसाठी शेतातील किंवा परसातील माती वापरू नये. खानापूरकडची तांबडी जांभ्याची माती लोहाने भरलेली असते, तिचे बारीक कण मुळांच्या केसांना चिकटून राहतात आणि पुढे अर्कात नको तो लालसर गढूळपणा आणतात. काळ्या मातीतून मुळे न तोडता निघतच नाहीत. चाळलेली जाडसर वाळू सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवून, ऊर्ध्वपातित पाण्याने आम्ल जाईपर्यंत धुवून घ्यावी, किंवा त्याहून बरे म्हणजे रोपे जाळीवर बसवून मुळे थेट पोषकद्रवात सोडावीत व द्रवात मत्स्यालयाच्या लहान पंपाने हवा सोडत राहावे. द्रवाची भांडी बाहेरून काळ्या कागदाने आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या फॉइलने गुंडाळावीत, कारण मुळांवर उजेड पडला तर ‘अंधारातील ऊती’ हे गृहीतकच उरत नाही आणि भांड्यात शेवाळही धरते. शेवाळाचे स्वतःचे फेरेडॉक्सिन असते, हे विसरू नये.

पाण्याबाबत तडजोड करू नये. ऊस आणि भाजीपाल्याला वर्षानुवर्षे खत घातलेल्या भागातील बोअरच्या पाण्यात नायट्रेट असू शकते, आणि नायट्रेट हेच तर या प्रयोगातील एक बटण आहे. पहिले आठ-दहा दिवस रोपे ऊर्ध्वपातित पाण्यात तयार केलेल्या नायट्रेटविरहित द्रवात वाढवावीत. दाण्यातील साठ्यावर ती तेवढा काळ निभावतात. नंतर त्यांचे दोन गट करावेत. एका गटाच्या द्रवात १० मिलिमोलर पोटॅशियम नायट्रेट घालावे आणि दुसऱ्याच्या द्रवात तेवढेच पोटॅशियम क्लोराइड. दुसऱ्या गटाला नुसते पाणी ठेवणे चुकीचे आहे, कारण तसे केले तर दिसलेला फरक नायट्रेटचा की पोटॅशियमचा, हे सांगता येणार नाही. नायट्रेटचा परिणाम संदेशवाहक आरएनएवर काही तासांतच दिसतो, प्रथिनावर दिसायला अधिक वेळ लागतो. म्हणून प्रथिनासाठी मुळे दुसऱ्या दिवशी काढावीत.

प्रकाशाचेही तसेच आहे. जून ते सप्टेंबर या काळात बेळगावचे आकाश बहुतेक झाकोळलेले असते, आणि खिडकीत वाढवलेल्या रोपांना एक दिवस ऊन व चार दिवस सावली मिळते. डिसेंबरच्या थंड रात्री मक्याची उगवण मंदावते. त्यामुळे ऋतू कोणताही असो, रोपे खोलीत, २५ ते २८ अंश सेल्सियस तापमानात, दिवसाचे १४ तास दिव्यांखाली वाढवावीत. एक तिसरा गट कपाटात पूर्ण अंधारात ठेवावा. त्याची पिवळी पाने आणि तीच पाने उजेडात एक-दोन दिवस ठेवून हिरवी झाल्यावरची अवस्था, या दोहोंची तुलना केली तर पानातील प्रकार उजेडामुळे वाढतात हे स्वतंत्रपणे दिसते.

कापणी आणि अर्क

पाने दिवे लागल्यानंतर ठरावीक तासांनी, दरवेळी त्याच वेळी कापावीत. मधली जाड शीर टाकून द्यावी. मुळे दाण्यापासून आणि हिरव्या खोडापासून स्पष्ट अंतर ठेवून कापावीत, बर्फगार ऊर्ध्वपातित पाण्यात दोनदा बुडवून टिपकागदावर ठेवावीत आणि लगेच वजन करावे. मुळात फेरेडॉक्सिन फार थोडे असते, म्हणून पाने १०० ग्रॅम घेतली तर मुळे निदान पाच ते दहा पट घ्यावीत. तेवढी जमली नाहीत तर ती उणे २० किंवा शक्य असल्यास उणे ८० अंशांवर साठवत जावीत.

अर्कासाठी ७.५ सामूचा ५० मिलिमोलर ट्रिस-हायड्रोक्लोराइड बफर, त्यात १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड आणि वजनाच्या सुमारे २ टक्के, फेनॉलयुक्त पदार्थ धरून ठेवणारे अविद्राव्य पॉलिव्हिनाइल पॉलिपायरोलिडोन घ्यावे. प्रथिने तोडणाऱ्या विकरांना रोखण्यासाठी पीएमएसएफ १ मिलिमोलर होईल एवढे, वाटण्याच्या क्षणीच घालावे, कारण पाण्यात ते लवकर निकामी होते. हे द्रव्य विषारी आहे. मिक्सरच्या भांड्यात बर्फगार बफरबरोबर ऊती थोडा थोडा वेळ थांबून वाटावी. सलग वाटले की भांडे तापते. मलमलीच्या चार पदरांतून गाळून गाळलेला द्रव १०,००० जी वर २० ते ३० मिनिटे सेंट्रिफ्यूज करावा. सामू ७ च्या खाली जाऊ देऊ नये. आम्लात लोह-गंधकाचा पुंजका विस्कटतो आणि मग उरते ते रंगहीन, निरुपयोगी प्रथिन.

पर्णमध्य आणि आवरण पेशी वेगळ्या करण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. करायच्याच असतील तर पाने बारीक चिरून खलबत्त्यात हलक्या हाताने दाबावीत: पर्णमध्य पेशी आधी फुटतात आणि शिरांचे जाड आवरण तसेच राहते, ते नायलॉनच्या बारीक जाळीवर अडकते. वेगळे झाले की नाही याची स्वस्त तपासणी आयोडीनने होते. मक्यात स्टार्च मुख्यतः आवरण पेशींतच साठते, म्हणून दुपारनंतर कापलेल्या पानातील शिरांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली निळेकाळे दिसले पाहिजेत आणि त्यांना हिरव्या मोकळ्या पेशी चिकटलेल्या दिसता कामा नयेत. तरीही हा भाग पहिल्या प्रकल्पात घेऊ नये, असाच माझा सल्ला आहे. पान आणि मूळ एवढी तुलना नीट झाली तरी काम पुरेसे आहे.

कॉलम

अर्कात ५० मिलिमोलर ट्रिस आणि १०० मिलिमोलर क्लोराइडने तयार ठेवलेले डीईएई सेल्युलोज थेट मिसळून बर्फावर अर्धा तास हळूहळू ढवळावे. मुळाचा अर्क आकाराने मोठा आणि प्रथिनाने पातळ असल्यामुळे त्याला ही पद्धत विशेष सोयीची पडते. सेल्युलोज खाली बसू देऊन वरचा द्रव ओतून टाकावा, उरलेला लगदा कॉलममध्ये भरावा आणि आधी १५० मिलिमोलर क्लोराइड असलेल्या बफरने तो द्रव रंगहीन येईपर्यंत धुवावा. मग क्लोराइड २०० पासून ५०० मिलिमोलरपर्यंत हळूहळू वाढवत दोन-दोन मिलिलिटरचे भाग गोळा करावेत. पानाच्या कॉलममध्ये फेरेडॉक्सिनचा तांबूस-तपकिरी पट्टा डोळ्यांना दिसतो आणि तो क्षार वाढेल तसा खाली सरकतो. मुळाच्या कॉलममध्ये असा पट्टा बहुधा दिसणार नाही. त्यामुळे निराश होऊन भाग टाकून देऊ नयेत.

याच कॉलमवर आणखी दोन इलेक्ट्रॉनवाहक भेटतात आणि त्यांची ओळख ठेवणे आवश्यक आहे. तंतुकणिकांतील सायटोक्रोम सी हे अल्कधर्मी असल्याने डीईएईला चिकटत नाही आणि सुरुवातीलाच निघून जाते. हरितलवकाच्या थायलाकॉइड पिशव्यांतील प्लास्टोसायनिन हे तांब्याचे प्रथिन मात्र आम्लधर्मी असते आणि फेरेडॉक्सिनच्या थोडे आधी उतरते. शंका आल्यास त्या भागात पोटॅशियम फेरिसायनाइडचा अगदी छोटा कण टाकावा. निळी झाक येऊन ५९७ नॅनोमीटरजवळ शोषण दिसले तर ते प्लास्टोसायनिन आहे, आणि ॲस्कॉर्बेट घातल्यावर ती झाक नाहीशी होते. मुळाच्या अर्कात प्लास्टोसायनिन ठळकपणे दिसले, तर मुळांना उजेड लागला किंवा कापताना खोडाचा हिरवा भाग मिसळला, असे समजून रोपे पुन्हा वाढवावीत.

अधिक शुद्धता हवी असल्यास अर्कात अमोनियम सल्फेट ६० टक्के संपृक्ततेपर्यंत घालता येते. शून्य अंशावर त्यासाठी लिटरमागे सुमारे ३६१ ग्रॅम लागते. फेरेडॉक्सिन या पातळीवर मुख्यतः द्रवातच राहते आणि इतर बरीच प्रथिने खाली बसतात. सल्फेटमुळे सामू घसरतो, म्हणून तो ट्रिसने सावरत राहावे. यानंतर क्षार काढायला डायलिसिस करावे लागते, आणि तेथे एक खड्डा आहे: प्रयोगशाळेत सहसा पडून असलेली नळी १२ ते १४ किलोडाल्टनची असते आणि ११ किलोडाल्टनचे प्रथिन तीतून बाहेर निसटते. ३.५ किलोडाल्टनची नळी मागवून ठेवावी. ती नसेल तर सल्फेटची पायरी वगळलेली बरी.

ओळख आणि मापन

शुद्ध होत आलेल्या भागाचा २५० ते ६०० नॅनोमीटरपर्यंतचा वर्णपट काढावा. फेरेडॉक्सिनची शिखरे ३३०, ४२० आणि ४६० च्या आसपास येतात. ४२० आणि २८० येथील शोषकतेचे गुणोत्तर ०.४ च्या वर गेले की नमुना चांगला समजावा. मुळाच्या अर्कात मात्र फेनॉलयुक्त पदार्थांचा तपकिरी रंग शिखरे झाकून टाकतो आणि आलेख नुसता एका बाजूला उतरता दिसतो. अशा वेळी सोडियम डायथायोनाइटची ताजी चिमूट घालून वर्णपट पुन्हा काढावा. फेरेडॉक्सिन असेल तर ४२० येथील त्याचे शोषण साधारण निम्म्यावर येते आणि नमुना हवेत हलवल्यावर बरेचसे परत वाढते. फेनॉलचा रंग असे काही करत नाही. दोन वर्णपटांतील फरक हाच मुळाच्या नमुन्याचा खरा पुरावा मानावा.

प्रमाण काढताना ४२० येथील मोलर शोषणगुणांक ९.७ प्रति मिलिमोलर प्रति सेंटिमीटर धरावा. उदाहरणार्थ, १ सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये फेरेडॉक्सिनची स्वतःची शोषकता ०.२९ असेल, तर तीव्रता सुमारे ३० मायक्रोमोलर, म्हणजे मिलिलिटरमागे साधारण ०.३ मिलिग्रॅम होते.

काम तपासण्यासाठी सायटोक्रोम सी क्षपणाची पद्धत वापरावी. ट्रिस बफरात घोड्याच्या हृदयापासून मिळणारे सायटोक्रोम सी ५० मायक्रोमोलर, एनएडीपीएच १०० मायक्रोमोलर, फेरेडॉक्सिन-एनएडीपी रिडक्टेज हे विकर अल्प प्रमाणात आणि नमुना अशी मांडणी करून ५५० नॅनोमीटरवर वाढ नोंदवावी. मिनिटामागील वाढीला २१ ने भागले की मिलिमोलरमध्ये वेग मिळतो. फेरेडॉक्सिन आणि रिडक्टेज यांची जवळीक विद्युतभारावर अवलंबून असल्याने नमुन्यातून आलेला जादा क्षार वेग पाडतो. म्हणून सर्व नमुन्यांत क्षार सारखा आणि कमी ठेवावा. एनएडीपीएच न घालता, रिडक्टेज न घालता आणि नमुना न घालता अशी तीन नियंत्रणे प्रत्येक वेळी चालवावीत. पानाच्या अर्कातील ॲस्कॉर्बेट एकट्याने सायटोक्रोमचे क्षपण करते, आणि नियंत्रण नसेल तर तेच फेरेडॉक्सिन म्हणून वहीत उतरते.

येथे निकाल वाचताना संयम हवा. बाजारात मिळणारे रिडक्टेज बहुधा पालकाच्या पानाचे असते, आणि मुळाचे फेरेडॉक्सिन मुळातील रिडक्टेजबरोबर काम करण्यासाठी जुळलेले असते. पालकाच्या विकराबरोबर मिळालेल्या वेगावरून ‘मुळाचे फेरेडॉक्सिन कमी किंवा जास्त कार्यक्षम’ असे विधान करू नये. त्या विशिष्ट विकराबरोबर दोघांचा वेग किती, एवढेच लिहावे. दोन्ही नमुने समान मोलर तीव्रतेवर मोजले नसतील तर तेवढेही लिहू नये.

रूपे वेगळी पाहण्यासाठी १५ टक्के पॉलिॲक्रिलामाइडचे जेल एसडीएस (प्रथिने उलगडणारे डिटर्जंट) न घालता थंड खोलीत चालवावे. फेरेडॉक्सिन आम्लधर्मी आणि लहान असल्यामुळे रंगाच्या आघाडीच्या लगेच मागे, बहुतेक प्रथिनांच्या पुढे धावते. भरपूर नमुना घातला असेल तर पट्टा रंगवण्यापूर्वीच तांबूस दिसतो. त्याची जागा तेव्हाच टिपून ठेवावी. जेल बाहेर काढताच १२ टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लात बुडवावे, नाही तर एवढे लहान प्रथिन रंगद्रव्यात ठेवलेल्या जेलमधून विरघळून जाते. कूमासी रंगही ते कमीच धरते, त्यामुळे मुळाच्या नमुन्यासाठी चांदीचा रंग बरा. पानाच्या आणि मुळाच्या नमुन्यांचे पट्टे वेगळ्या अंतरावर पडले तरी प्रत्येक पट्टा म्हणजे एक रूप, असे धरू नये. लोह गमावलेले जुने प्रथिनही वेगळ्या जागी धावू शकते. म्हणून ताजा आणि काही दिवस ठेवलेला, असे एकाच ऊतीचे दोन नमुने शेजारी चालवावेत. एसडीएस घातलेल्या जेलवरून वजन काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण हे प्रथिन त्यात आपल्या खऱ्या वजनापेक्षा जड असल्यासारखे धावते.

नायट्रेटच्या दोन गटांची तुलना करताना दोन्हींची मुळे सारख्याच वजनाची, एकाच दिवशी वाटलेली आणि एकाच जेलवर चालवलेली असावीत. एकूण प्रथिनात फारसा फरक नसतानाही एखादा पट्टा गडद होऊ शकतो. तो प्रकार सहाचाच आहे असे म्हणण्यासाठी प्रतिपिंड किंवा त्या जनुकाच्या आरएनएचे मापन हवे. ती सोय नसेल तर ‘नायट्रेट दिल्यावर वाढलेला पट्टा’ असेच नोंदवावे.

उरलेले प्रथिन २०० मिलिमोलर क्लोराइड असलेल्या बफरात, लहान लहान नळ्यांत, उणे ८० अंशांवर ठेवावे. प्रत्येक नळी एकदाच वितळवावी, आणि वापरण्यापूर्वी ४२० व २८० चे गुणोत्तर पुन्हा पाहावे. ते साठवताना नोंदवलेल्या आकड्यापेक्षा स्पष्टपणे घसरलेले असेल, तर ती नळी मापनासाठी वापरू नये.